उतरता आकडा

ऋजुताचा आकडा घसरला, तेव्हा तो सगळ्यात आधी कळला तिच्या सासूला. उज्ज्वलाताई अंगणात बेदाणे निवडत बसल्या होत्या. मांडीवरचा मोबाइल टणकन वाजला आणि सुनेच्या नावापुढे हिरव्याच्या जागी पिवळा ठिपका आला. ऋजुता तेव्हा तासगावच्या जलशुद्धीकरण केंद्रात टाकीच्या कठड्याशी उभी राहून पाण्यातल्या क्लोरीनचा आकडा बघत होती. स्वतःच्या रक्तातला आकडा बघायला तिला सवड नव्हती. तसंही तो बघायला घरात माणसं कमी नव्हती.

या आकड्याची हकीकत आधी सांगायला हवी. ऋजुताला शाळेत असल्यापासून फिट यायची. त्यावर रोज दोन वेळा गोळी. गोळी घेतली म्हणजे भागलं असंही नाही, ती रक्तात ठरावीक प्रमाणात टिकायला हवी. कमी पडली तर फिट येणार, जास्त झाली तर एकाचे दोन दिसणार आणि पाय लटपटणार. पूर्वी हे प्रमाण बघायचं तर सकाळची गोळी न घेता प्रयोगशाळेत जायचं, शीर टोचून घ्यायची आणि मग कागदाची वाट बघायची. कागद सांगायचा ते त्या एका सकाळचं प्रमाण. पुढच्या सकाळी काय, ते देव जाणे.

मग पट्टी आली. रुपयाच्या नाण्याएवढी, दंडावर चिकटवायची. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात, कातडीखाली पाझरणाऱ्या द्रवापर्यंत पोचणाऱ्या. प्रत्येक सुईच्या टोकाला असे रेणू बसवलेले, की औषधाचा कण भेटला की ते मूठ मिटतात आणि कण सुटला की मूठ उघडतात. किती मुठी मिटल्या त्यावरून विजेचा एक अगदी क्षीण प्रवाह बदलतो, आणि त्या बदलाचा होतो आकडा. रात्रंदिवस चालू. ऋजुताचा आकडा सहाच्या आसपास असला की ठिपका हिरवा.

या हिरव्या ठिपक्यानं पुष्कळ काही दिलं. फिट येणाऱ्या माणसाला गाडी चालवायचा परवाना मिळायला लागला, अट एवढीच की आकडा घरातल्या दोघांना दिसला पाहिजे. ऋजुताला स्कूटर मिळाली, स्कूटरमुळे नोकरी मिळाली, आणि खरं सांगायचं तर नवराही त्यामुळेच मिळाला. बघायला आलेल्या मंडळींसमोर तिनं पोह्यांच्या ताटलीशेजारी स्वतःचा मोबाइल ठेवला होता. "मला फिट येते. हा माझा आकडा. बघून घ्या." नवऱ्या मुलाच्या, म्हणजे यशोधनच्या, मामांच्या हातातला चमचा तिथंच थांबला. पण उज्ज्वलाताई म्हणाल्या, "दिसतंय ना? मग दिसणाऱ्याला काय भ्यायचं?" आणि लग्न ठरलं.

बाई वाईट नव्हत्या. पण त्यांचा जीव आकड्यात जास्त आणि सुनेत कमी, असं ऋजुताला वाटे. सकाळी चहाआधी "किती?" आणि रात्री दिवा मालवायच्या आधी "किती?" ऋजुताची आई ती आठवीत असताना गेली होती. सासरी आई मिळेल अशी वेडी आशा तिनं केली होती. मिळाली ती देखरेख. जेवणात मीठ कमी पडलं तर माणूस तक्रार करू शकतं, याची कुठं करणार?

तर आकडा घसरला. दोन-तीन आठवड्यांत साडेपाच, मग पाच, आणि साडेचारला ठिपका पिवळा. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा आणि सासू दोघंही ओसरीत बसलेले.

"गोळ्या चुकवतीस?" यशोधननं विचारलं. तो बेदाण्याच्या शीतगृहात व्यवस्थापक होता, आणि थंडीत काम करून करून त्याच्या आवाजातही कधी कधी थंडी येई.

"एकपण नाही चुकवली."

"मग यंत्र खोटं बोलतंय व्हय?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. "मी काही म्हणत नाही, बाई. पण तू रोज गाडीवर जातीस. रस्त्यात काही झालं तर लोक आम्हाला विचारणार."

"आई, देवाशपथ नाही चुकवली."

त्या रात्री सासू समोर उभी राहिली आणि ऋजुतानं गोळी गिळल्यावर तिला तोंड उघडून दाखवायला लावलं. ऋजुता अठ्ठावीस वर्षांची होती, शंभर गावांना पाणी पाजत होती, आणि जीभ उचलून दाखवत होती. अपमानानं तिचे कान तापले. पण आकडा घसरतच राहिला. आता सासूच्याच डोळ्यांसमोर गोळी पोटात जात होती, तेव्हा यशोधननं तिला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं.

मिरजेच्या डॉ. हेरवाडकर ऋजुताला शाळेपासून ओळखत. त्यांनी आलेख बघितला आणि आधी एकच प्रश्न विचारला. "पाळी कधी आली होती गं?"

ऋजुता आठवायला लागली आणि आठवता आठवता तिचा चेहरा बदलला.

"टाकीतलं पाणी कमी झालं की तू काय म्हणतेस?" डॉक्टरांनी हसत विचारलं.

"एकतर वरचा नळ कमी सोडलाय, नाहीतर खालची मोरी मोठी झालीय."

"नळ तोच आहे. मोरी मोठी झालीय. दिवस राहिले की शरीरात इस्ट्रोजेन वाढतं. ते यकृताला कामाला जुंपतं, आणि यकृत तुझी ही गोळी झपाट्यानं बाहेर काढून टाकतं. म्हणून आकडा पडतोय. आपण गोळी वाढवू, वाढवतच जाऊ. बाळाला ही गोळी त्यातल्या त्यात निर्धोक आहे. घाबरायचं नाही." मग त्या यशोधनकडे वळल्या. "आणि गोळ्या चुकवते म्हणालात ना? तुम्ही आणि तुमच्या आईनं, दोघांनी तिची माफी मागा."

यशोधननं गाडीत बसल्यावर मागितली, आणि रडलासुद्धा. उज्ज्वलाताईंनी तोंडानं मागितली नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी आंबोळ्या केल्या.

आणि मग त्या घरात जे झालं ते कुणा डॉक्टरच्या पुस्तकात नसेल. उतरत्या आकड्याची ज्यांना धास्ती होती, ती माणसं त्याच्या प्रेमात पडली. गोळी वाढवली की आकडा थोडा चढे आणि पुन्हा हळूहळू उतरायला लागे. उतरला की उज्ज्वलाताईंचा चेहरा फुले. "लेकरू ओढून घेतंय बघ!" त्या म्हणत.

"लेकरू नाही, आई, यकृत."

"तुझं यकृत तुझ्यापाशी. लेकरू दांडगं आहे, मला कळतंय."

ऋजुतानं समजवायचं सोडून दिलं. खरं तर तिलाही तसंच म्हणायला आवडायला लागलं होतं. अजून पोट दिसत नव्हतं, काही हलत नव्हतं. आत कुणी आहे याचा रोजचा पुरावा एवढाच. लोक पोटाला कान लावतात, हे तिघं मोबाइलला डोळे लावून बसत.

आणि लाड. काय ते लाड! सासूबाई सकाळी उठून विचारत, "आज काय खावंसं वाटतंय?" ऋजुतानं कैरी म्हटलं तर बिनहंगामी कैरी सांगलीच्या बाजारातून येई. तिनं उगाच, गंमत म्हणून, लहानपणी आई करायची त्या गूळ घातलेल्या जाड घावनांचं नाव काढलं. उज्ज्वलाताईंनी चार वेळा बिघडवून पाचव्यांदा ती जमवली. मग पदराला हात पुसत शेजारी बसल्या आणि पहिला घास स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घातला. चौदा-पंधरा वर्षांत ऋजुताला कुणी भरवलं नव्हतं. ती चावायचं विसरून त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"काय झालं? गोड कमी?"

"नाही. बरोबर आहे," ती म्हणाली.

तिसरा महिना लागला तशी उज्ज्वलाताईंनी चोरओटीची तयारी सुरू केली. चोरओटी म्हणजे गाजावाजा न करता, शेजारणीला ताकास तूर लागू न देता, घरच्या घरी भरलेली ओटी. दृष्ट लागू नये म्हणून चोरून. शुक्रवार ठरला. हिरवा खण आला, घरच्या द्राक्षबागेतले सगळ्यात टपोरे बेदाणे बाजूला काढून झाले.

त्याच आठवड्यात आकडा चढला.

ऋजुता टाकीवरच होती. सहज मोबाइल बघितला: पाच. काल साडेचार होता. दुसऱ्या दिवशी साडेपाच. पोटात दुखत नव्हतं, कपड्यावर डाग नव्हता. सकाळची मळमळ मात्र थांबली होती, आणि कालच सासूबाई त्याचं कौतुक करत होत्या. गोळी वाढवल्यामुळे असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण गोळी वाढवून बरेच दिवस झाले होते. त्याचा चढ कधीच येऊन गेला होता. ती इंजिनिअर होती, हीच तिची पंचाईत. दुसरी कुणी असती तर चार दिवस सुखात राहिली असती.

नळ तोच, आणि पाणी चढतंय. म्हणजे मोरी लहान होतेय. मोरी ज्याच्यामुळे मोठी झाली होती, ते आता नाही.

ती कठड्याला धरून खाली बसली. टाकीत पाणी संथपणे पडत होतं. यंत्राला यात वावगं काही दिसलं नव्हतं. त्याला खालची रेष ठाऊक होती आणि वरची ठाऊक होती. मधल्या चढणीचं त्याला काय? उलट पिवळा ठिपका जाऊन हिरवा आला होता.

ती त्याच दुपारी मिरजेला जाऊ शकली असती. जायला हवंच होतं. पण घरी आली तर उज्ज्वलाताई दारातच उभ्या. "दोन दिवस मोबाइल हाती धरला नाही बघ, ओटीच्या गडबडीत. किती झाला गं? उतरला?"

"उतरला," ऋजुता म्हणाली.

शब्द तोंडातून गेला होता. आता आकड्याला त्याच्या मागून जाणं भाग होतं. रात्रीची गोळी तिनं तळहातावर घेतली. आता सासूबाई समोर उभ्या राहत नसत, विश्वास बसला होता. तिनं गोळी मोरीत टाकली आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. शुक्रवारपर्यंतच, ती मनाशी म्हणाली. फक्त ओटी होईपर्यंत. मग आपण स्वतः सांगू.

आकडा उतरला. उतरणारच होता. नळ बंद केला की टाकी उतरते, त्यात बाळाचं काही नसतं, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी सकाळी उज्ज्वलाताईंनी "उतरला गं बाई!" म्हणून हाक दिली, तेव्हा तिच्या छातीत क्षणभर खरा आनंद झाला. आपणच टाकलेल्या गोळीचा आपल्यालाच आनंद! तिला स्वतःची कीव आली आणि भीतीही वाटली. मात्र स्कूटरची किल्ली तिनं त्याच दिवशी यशोधनकडे दिली. रस्त्यावर कुणाच्या जिवाशी खेळायचं नाही, एवढं भान तिला होतं. "पोट सांभाळायला हवं," ती म्हणाली. त्याला ते इतकं आवडलं की तो स्वतः तिला सोडायला यायला लागला.

शुक्रवारी ओटी झाली. खिडक्या लावून घेतल्या, आकड्याच्या भानगडीत कधी न पडणाऱ्या सासऱ्यांना मुद्दाम बागेत धाडलं. उज्ज्वलाताईंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओच्यात तांदूळ घातले, खण आणि नारळ ठेवला, मूठ मूठ बेदाणे घातले. ओटीचं वजन मांडीवर आलं आणि ऋजुताला वाटलं, आता ओरडावं. सासूबाईंनी तिच्या गालांवरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली. त्यांचे डोळे भरले होते.

"मला मुलगी नाही," त्या म्हणाल्या. "वाटलं नव्हतं, असं कुणाला बसवून करायला मिळेल."

यानंतर कुठली बाई सांगू शकेल? ऋजुता नाही सांगू शकली. शनिवारीही नाही, रविवारीही नाही. आकडा तीनच्या खाली गेला. मिरजेहून दवाखान्याचा निरोप आला, गोळी आणखी वाढवा. "वाढवते," ती म्हणाली. वाढवलेल्या गोळ्याही मोरीत गेल्या.

सोमवारी सकाळी ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. नाकात एकदम जळक्या तारेचा वास आला. फिटच्या आधी येणारा हा वास तिनं कित्येक वर्षांत घेतला नव्हता, पण ओळखला. "आई," एवढंच ती म्हणाली.

पुढचं तिला ठाऊक नाही. नंतर कळलं ते असं, की उज्ज्वलाताईंनी आयुष्यात फिट पाहिली नव्हती. आकडा पाहिला होता, ठिपका पाहिला होता. माणूस असं ताठरतं, झटके देतं, तोंडाला फेस येतो, हे पहिल्यांदाच. शेजारीण चप्पल हुंगवायला घेऊन धावली, तर त्यांनी तिला ढकलून दिलं आणि सुनेचं डोकं मांडीवर घेऊन तिला कुशीवर वळवलं. विळी ओढून बाजूला केली तेव्हा त्यांचा स्वतःचा तळवा कापला.

ऋजुता जागी झाली ती मिरजेच्या दवाखान्यात. जीभ चावलेली, अंग ठणकतंय. डॉ. हेरवाडकर शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. सोनोग्राफी झाली होती.

"ठोके नाहीत," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे मॅडम."

डॉक्टरांनी आलेख तिच्यापुढे धरला. "दिवस राहिल्यावर आकडा असा उतरतो, घाटातल्या रस्त्यासारखा. हा शेवटचा उतार पायऱ्यापायऱ्यांचा आहे. गोळी टाकल्याचा. आणि या दोन उतारांच्या मध्ये ही बारीक चढण. ती तू पाहिलीस."

ऋजुतानं मान हलवली.

"बाळाची वाढ त्याच सुमाराला थांबलेली दिसतेय. फिटमुळे काही झालेलं नाही. गोळीमुळेही नाही. असं होतं बाई, पुष्कळदा होतं, आणि त्यात कुणाचा दोष नसतो." त्यांचा आवाज कठोर झाला. "पण तू जे केलंस त्यात तुझा जीव गेला असता. कशासाठी?"

ऋजुतानं चादर तोंडावर ओढून घेतली. डॉक्टर उठून दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

यशोधन आत आला तो मोबाइल हातात घेऊनच. त्यालाही आता पायऱ्या दिसत होत्या, कुणीतरी दाखवल्या होत्या. चढण मात्र त्याला दिसली नव्हती. "तू गोळ्या टाकत होतीस," तो म्हणाला. "मी तुला सोडायला येत होतो, आणि तू घरात गोळ्या टाकत होतीस. तुझ्यामुळं गेलं आपलं बाळ." ती तोंड उघडेपर्यंत तो बाहेर गेलाही. व्हरांड्यात त्याचा हुंदका ऐकू आला.

मग उज्ज्वलाताई आल्या. तळव्याला पट्टी बांधलेली, हातात डबा. घरून निघताना सवयीनं भरून आणलेला असणार. त्यांनी तो कपाटावर ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसल्या.

"गोळ्या टाकल्यास म्हणे. खरं?"

"हो."

"का?"

सोपं उत्तर जवळच होतं. मळमळत होतं, उलटून पडत होत्या, बाळाला बाधतील अशी भीती वाटली. यातलं काहीही चाललं असतं. सासू रागावली असती, रडली असती आणि वर्षभरानं विसरली असती. ओटी तरी खरी राहिली असती. पण त्या तळव्यावरची पट्टी बघितल्यावर ऋजुताला खोटं बोलवेना.

"ते आधीच गेलं होतं, आई. आकडा चढला तेव्हाच मला कळलं. तो परत उतरलेला दिसावा म्हणून टाकल्या."

उज्ज्वलाताईंना ते लगेच उमगलं नाही. मग हळूहळू उमगत गेलं, आणि त्यांचा चेहरा जणू एकदम म्हातारा झाला.

"ओटी भरली तेव्हा?"

"नव्हतं."

"आणि तू बसलीस पाटावर."

"हो."

"मग एवढे दिवस मी डोहाळे कुणाचे पुरवत होते गं?"

"माझे," ऋजुता म्हणाली. आणि मग तिला थांबता आलं नाही. "बाळ गेलंय म्हटल्यावर तुम्ही थांबला असता. परत नुसतं किती, किती, सुरू झालं असतं. मला आणखी चार दिवस हवे होते, आई. तुम्ही भरवत होता ना, ते हवं होतं. बाळही हवं होतं. ते गेलं, मग हे तरी..."

उज्ज्वलाताईंनी डबा उचलला आणि परत तिथंच ठेवला. राग होता, पण तो कुठं टाकावा ते त्यांना कळत नव्हतं.

"मला सांगितलं असतंस," त्या शेवटी म्हणाल्या, "तर तुला भरवायचं थांबवलं असतं होय गं मी?"

ऋजुतानं भिंतीकडे तोंड केलं. त्या थांबवतील असंच तिला वाटलं होतं.